ई-मेलचं हेडर : कोण बोलतंय आणि कुणाचं ऐकायचं?

(दासगाव, ता. महाड येथे झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्यातली पुनरुक्ती थोडी कमी केली आहे.)



तत्त्वज्ञानाचा निवृत्त मास्तर ई-मेलवर काय बोलणार, हे बघायला तुमच्यातले निम्मे आलेले आहेत याची आम्हाला कल्पना आहे. पण हा विषय आम्ही हौसेनं निवडलेला नाही. आमच्या हातून एक चूक झाली आणि ती तुमच्याच गावातल्या एका घराला भोवली. ती पुढं सांगतो. आधी थोडी तयारी करू.

तुम्ही फोनवर किंवा संगणकावर ई-मेल उघडता तेव्हा वर चार गोष्टी दिसतात. कुणाकडून, कुणाला, विषय, तारीख. खाली मजकूर. तुम्हाला वाटतं, पत्र ते एवढंच. प्रत्यक्षात प्रोग्रॅमनं तुमच्यापासून पुष्कळ लपवलेलं असतं. जीमेलमध्ये तीन टिंबांच्या यादीत ‘शो ओरिजिनल’ असतं, थंडरबर्डमध्ये ‘मेसेज सोर्स’ असतं. ते एकदा उघडून बघा. मजकुराच्या वर तीस-चाळीस, कधी शंभर ओळी निघतात. त्या सगळ्या मिळून हेडर. रचना अगदी साधी. ओळीचं नाव, मग विसर्गासारखी दोन टिंबं, मग किंमत. पहिली कोरी ओळ आली की हेडर संपलं आणि मजकूर सुरू झाला. ही पद्धत १९८२ साली डेव्हिड क्रॉकर यांनी ‘आरएफसी ८२२’ या दस्तऐवजात पक्की केली. पुढं सुधारणा झाल्या, पण सांगाडा तोच आहे.

म्हणजे ई-मेल हा शेवटी साधा मजकूर आहे. नोटपॅडमध्ये उघडता येतो. आणि जे नोटपॅडमध्ये उघडतं ते बदलताही येतं. थंडरबर्डमधून पत्र ‘ईएमएल’ फाइल म्हणून जतन करा, ओळ बदला, पुन्हा आत घ्या. एवढाही खटाटोप नको असेल तर त्यासाठी ‘हेडर टूल्स’सारख्या पुरवण्या आहेत, विषयाची ओळ बदलून देतात. ‘मट’ नावाचा एक जुना, अक्षरांवरच चालणारा प्रोग्रॅम आहे, त्यात तर एक कळ दाबली की अख्खं पत्र संपादकात उघडतं. यात चोरीछुपी काही नाही. लोकांना हे लागतं, म्हणून ते आहे.

का लागतं? मराठी माणसाला तर फारच लागायचं. हेडर मुळात इंग्रजी अक्षरांपुरतं बनवलेलं. त्यात देवनागरी बसत नव्हती. मग १९९२ पासून तोड निघाली ती अशी की, आपल्या अक्षरांचं सांकेतिक रूपांतर करायचं आणि बरोबरचं चिन्ह व प्रश्नचिन्ह यांच्या डबीत ते बंद करायचं. ‘दासगाव’ हा शब्द घ्या. द, काना, स, ग, काना, व. संगणकाच्या हिशेबी सहा खुणा. यूटीएफ-८ पद्धतीत प्रत्येकीला तीन बाइट, म्हणजे १८. त्याचं बेस-६४ केलं की २४ अक्षरं, आणि डबीची १२ धरून ३६. आपल्या गावाचं चार अक्षरी नाव हेडरमध्ये छत्तीस अक्षरांचं होऊन बसतं! एका डबीची मर्यादा ७५ अक्षरांची. तेव्हा जरा लांब मराठी विषय लिहिला की त्याचे तुकडे पडतात, आणि एखाद्या आडमुठ्या प्रोग्रॅमनं अक्षराच्या मधेच सुरी चालवली की विषयात चौकोन आणि प्रश्नचिन्हं दिसतात. ही झाली युनिकोडची गोष्ट. त्याआधी ‘शिवाजी’, ‘किरण’, ‘श्रीलिपी’ असे फाँट होते, त्यात लिहिलेला विषय समोरच्याकडे जाईपर्यंत इंग्रजी अक्षरांचा भुस्सा झालेला असायचा. अशी दोन-चारशे पत्रं पेटीत साठली की कुणालाही वाटणार, या विषयाच्या ओळी एकदा नीट करून टाकाव्यात. आम्हालाही वाटलं.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. हेडरमधल्या सगळ्या ओळी एकाच माणसानं लिहिलेल्या नसतात. हे कळलं की बाकीचं आपोआप उलगडतं.

‘फ्रॉम’, ‘टू’, ‘सब्जेक्ट’, ‘डेट’ या ओळी पाठवणाऱ्याचा प्रोग्रॅम लिहितो. म्हणजे पाठवणारा स्वतःबद्दल जे सांगतो ते. मी अमुक, मी आज हे लिहिलं. ‘डेट’ ही तारीखसुद्धा पुष्कळदा त्याच्या संगणकाच्या घड्याळाची असते. घड्याळ चुकलं की तारीख चुकली.

‘रिसीव्ड’ नावाच्या ओळी वेगळ्या. त्या वाटेतले सर्व्हर लिहितात. पत्र ज्या ज्या सर्व्हरकडून गेलं त्यानं आपली एक ओळ वर चिकटवायची, मला अमक्याकडून, अमक्या वेळी मिळालं. प्रत्येक जण वरच चिकटवतो, म्हणून त्या खालून वर वाचायच्या. दासगावकरांना हे समजावून सांगायला नको. इथं सावित्रीच्या खाडीत मुंबईच्या बोटी लागायच्या. डिसेंबर १९२७ मध्ये बाबासाहेब आंबेडकर बोटीनं इथंच उतरले आणि इथून महाडला गेले. बोटीतला उतारू सांगेल तेव्हा मी निघालो, हे एक. वाटेतल्या बंदरांवर झालेली नोंद, हे दुसरं. उतारू खोटं बोलेल, पण सगळ्या बंदरांवरच्या कारकुनांनी मिळून त्याच्यासाठी खोटं बोलावं हे अवघड. एक सावधगिरी मात्र सांगतो. तळाच्या ‘रिसीव्ड’ ओळी लबाड माणूस आधीच रचून पाठवू शकतो. खात्रीची ओळ ती, जी तुमच्या स्वतःच्या सर्व्हरनं लिहिली. त्यात अमेरिकेतल्या घड्याळाची वेळ दिसली म्हणून पत्र बनावट ठरवू नका. शेवटचा आकडा बघा, उणे ०७०० किंवा उणे ०८०० असेल. आपला अधिक ०५३०.

तिसरी एक गोष्ट हेडरमध्ये नसतेच, ती म्हणजे पाकीट. सर्व्हर आपापसात बोलताना कुणाकडून-कुणाला हे वेगळं सांगतात, आणि पत्र त्या पत्त्यावर जातं. आतल्या ‘टू’च्या ओळीकडे ते बघतही नाहीत. म्हणून तर ‘बीसीसी’ चालतं. पाकिटावर नाव आहे, कागदावर नाही. आणि म्हणूनच ‘फ्रॉम’मध्ये बँकेचं नाव लिहून भलताच माणूस पत्र पाठवू शकतो. पोस्टातसुद्धा पत्राखाली सही कुणाची आहे हे पोस्टमन तपासत नाही.

आता आमच्या शास्त्रातलं थोडं. कंटाळू नका, पाचच मिनिटं. दुसऱ्याच्या सांगण्यावरून झालेलं ज्ञान खरं केव्हा मानायचं, यावर आपल्याकडे शतकानुशतकं वाद चालला. मीमांसक म्हणतात, ज्ञान झालं की ते खरंच धरायचं, खोटं ठरवणारं काही पुढं आलं तरच सोडायचं. याला स्वतःप्रामाण्य म्हणतात. नैयायिक म्हणतात, तसं नाही, खरेपणा बाहेरून ठरतो, त्याला दुसरा आधार लागतो. हे परतःप्रामाण्य. आम्ही हे तीस वर्षं शिकवलं आणि मुलं म्हणायची, सर, परीक्षेपुरतं ठीक आहे. पण १९८२ ची ई-मेलची रचना बघा, ती पक्की मीमांसक आहे. ‘फ्रॉम’मध्ये जे लिहिलं ते खरं. तेव्हा ते चाललं, कारण जाळ्यावरचे लोक थोडे होते आणि बहुतेक विद्यापीठांतले आणि संशोधनसंस्थांतले. (विद्यापीठातली माणसं खोटं बोलत नाहीत असं नव्हे. आम्ही आयुष्य तिथंच काढलंय.) पुढं गर्दी वाढली, फसवणूक वाढली, आणि ई-मेलला नैयायिक व्हावं लागलं.

ते झालं २००७ साली, ‘डीकेआयएम’ नावाच्या सहीनं. पत्र निघताना पाठवणाऱ्याचा सर्व्हर मजकुराचा आणि निवडक हेडरओळींचा गणिती ठसा घेतो आणि आपल्या गुप्त किल्लीनं त्यावर सही करतो. ‘फ्रॉम’ची ओळ त्यात असावीच लागते, विषय आणि तारीख बहुधा असतात. पडताळणीची किल्ली जाहीर ठेवलेली असते. घेणारा सर्व्हर ठसा पुन्हा काढून बघतो. विषयात एक स्वल्पविराम जरी वाढला तरी जुळत नाही. ही सही माणसाची नव्हे हं, सर्व्हरची. ‘हे पत्र आमच्या दारातून असंच बाहेर पडलं’ एवढंच ती सांगते.

ही युक्ती परदेशी आहे असं कुणाला वाटत असेल तर रायगड आपल्याच तालुक्यात आहे. शिवछत्रपतींच्या पत्रांवर वर मुख्य मुद्रा असते आणि मजकूर संपतो तिथं मर्यादेची छोटी मुद्रा. ती कशाला? तर तिच्याखाली कुणी चार शब्द घुसडू नयेत म्हणून. शिवाय दफ्तरात नोंद झाल्याच्या ‘बार सूद’सारख्या खुणा असतात, त्या तर सरळसरळ ‘रिसीव्ड’च्या ओळी! मजकूर लिहिणारा एक, नोंद करणारा दुसरा, शिक्का तिसऱ्याचा. उलट ३० ऑगस्ट १७७३ ला नारायणराव पेशव्यांचा खून झाला, त्याची ‘ध चा मा’ची आख्यायिका आठवा. ती खरी की नाही ते इतिहासकार बघतील. पण लोकांनी ती अडीचशे वर्षं जपली, कारण त्यात सगळी भीती आहे. कागद तोच, सही तीच, एक अक्षर दुसऱ्याच कुणाचं.

आता आमची चूक.

आमचे एक स्नेही होते, इथलेच. नाव सांगत नाही, तुमच्यातले पुष्कळ जण त्यांना गुरुजी म्हणूनच ओळखतात. इथल्या बंदराची, बोटींची, खाडीवर राबणाऱ्या माणसांची माहिती त्यांनी म्हाताऱ्यांना विचारून विचारून जमवली आणि २००६ ते २०१२ या काळात आम्हाला ई-मेलनं कळवली. एकूण ६३ पत्रं. सुरुवातीला घरच्या संगणकावरून, टेलिफोनच्या तारेवरच्या इंटरनेटनं. त्यांच्या संगणकातली घड्याळाची छोटी बॅटरी संपलेली होती. भारनियमन तर तेव्हा रोजचंच. वीज गेली की यंत्राची तारीख मागं जाऊन १ जानेवारी २००२ वर यायची, आणि गुरुजी ती दुरुस्त करायच्या भानगडीत पडत नसत. त्यामुळे त्यांची निम्मी पत्रं आमच्या पेटीत तळाला, २००२ मध्ये जाऊन बसलेली. विषयाच्या जागी भुस्सा. पुढं त्यांनी एका वेबमेल सेवेत खातं काढलं, तिथून तारखा बरोबर येऊ लागल्या.

२०१४ साली आम्ही ती पत्रं ‘नीट’ केली. तारखा दुरुस्त केल्या, त्याही ‘रिसीव्ड’च्या ओळी बघून, म्हणजे अगदी अभ्यासपूर्वक! विषय देवनागरीत लिहिले, पुढं क्रमांक घातले, दासगाव १, दासगाव २, असे ६३ पर्यंत. आणि मग ‘रिसीव्ड’च्या त्या बोजड ओळी कचरा म्हणून पुसून टाकल्या. ज्या साक्षीदारांना विचारून तारीख ठरवली त्यांनाच घालवून दिलं.

गुरुजी गेले. त्यानंतर त्यांच्या मजकुराचा मोठा भाग दुसऱ्याच एका नावानं छापून आला. त्यांची मुलगी आमच्याकडे आली. म्हणाली, ‘काका, बाबांनी तुम्हाला हे सगळं आधी पाठवलेलं होतं ना? तेवढं दाखवता येईल ना?’ आम्ही मोठ्या आत्मविश्वासानं छापील प्रती काढून दिल्या. समोरच्या बाजूनं दोनच ओळी लिहून विचारलं की, मूळ हेडर कुठं आहे आणि ही तारीख कुणी लिहिली? ती तारीख आम्हीच लिहिली होती. ती खरी होती, पण बोलणारे आता आम्ही होतो, सर्व्हर नव्हता. आणि आम्ही तर गुरुजींचे मित्र.

मूळ पत्रं सर्व्हरवर असतील ना, असं तुम्ही म्हणाल. आम्हीही म्हणालो. पण सर्व्हरवरच्या पेटीसाठी जो ‘आयमॅप’ नावाचा करार आहे, त्यात आलेलं पत्र बदलताच येत नाही. मग प्रोग्रॅम काय करतो? बदललेली नवी प्रत वर चढवतो आणि जुनी पुसतो. तुम्हाला पडद्यावर दिसतं की ओळ सुधारली, प्रत्यक्षात मूळ पत्र गेलं आणि त्याच्यासारखं दिसणारं दुसरं आलं. त्याची खूणही उरते. सर्व्हर प्रत्येक पत्राला चढता क्रमांक देतो. २००७ चं पत्र २०१४ मध्ये चढवलं की त्याला २०१४ चा क्रमांक मिळतो. जाणकाराला ते लगेच दिसतं, आणि समोरच्यांकडे जाणकार होता.

कायदा याबाबतीत काय म्हणतो तेही थोडं बघू, कारण तो आमच्या नैयायिकांच्या फार जवळ आहे. जुन्या साक्ष कायद्यात ८८-अ कलम होतं. ई-मेलचा जो मजकूर पोचला तोच पाठवणाऱ्याच्या यंत्रात भरला गेला होता असं न्यायालय गृहीत धरू शकतं, पण तो कुणी पाठवला याबद्दल काहीही गृहीत धरायचं नाही. किती नेमकं वाक्य आहे! आणि प्रतीच्या बाबतीतला महत्त्वाचा निकाल महाराष्ट्रातलाच, जालन्याचा. अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत उमेदवारी अर्ज २७ सप्टेंबरला दुपारी तीनच्या आत दाखल झाला की नंतर, हा वाद. म्हणजे ‘डेट’चाच वाद! पुरावा होता निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातल्या कॅमेऱ्यांच्या चित्रणाचा. उच्च न्यायालयानं नोव्हेंबर २०१७ मध्ये निवड रद्द केली. सर्वोच्च न्यायालयानं १४ जुलै २०२० ला अपील फेटाळताना नियम स्पष्ट केला. मूळ यंत्रच हजर केलंत आणि त्याच्या मालकानं साक्ष दिली तर प्रमाणपत्र नको. प्रत देणार असाल तर ६५-ब कलमाचं प्रमाणपत्र हवंच. त्या खटल्यात प्रमाणपत्र वारंवार मागूनही अधिकाऱ्यांनी दिलं नव्हतं, तेव्हा करता येण्यासारखं सगळं ज्यानं केलं त्याला न्यायालयानं सवलत दिली. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम आला. त्याच्या ६३ व्या कलमाच्या प्रमाणपत्रात फाइलचा गणिती ठसासुद्धा लिहावा लागतो.

आणि महाडमध्ये बोलतोय म्हणून एक राहवत नाही. चवदार तळ्याच्या दाव्यात वादींचं म्हणणं काय होतं? की अस्पृश्यांना तळ्यापासून दूर ठेवण्याची वहिवाट अनादी काळापासूनची आहे. ‘अनादी काळापासून’ ही तारीख त्यांनी स्वतःच आपल्या हेडरमध्ये लिहिलेली. मुंबई उच्च न्यायालयानं १७ मार्च १९३७ ला सांगितलं की ती सिद्ध झालेली नाही. लिहिणाऱ्याच्या तारखेला दुसरा साक्षीदार लागतो, हे आपल्या तालुक्यानं ई-मेलच्या कितीतरी आधी मिळवलेलं आहे.

असो. तर आमच्या ६३ पत्रांचं पुढं काय झालं? आमच्या पुतण्यानं २०१० साली आमच्या संगणकाची एक सीडी करून ठेवली होती. ती कपाटात, लग्नाच्या अल्बमखाली सापडली. तिच्यात ४१ पत्रं जशीच्या तशी मिळाली, १ जानेवारी २००२ या चुकीच्या तारखेसकट आणि सगळ्या ‘रिसीव्ड’ ओळींसकट. आणि गंमत बघा, ती चुकीची तारीखच आता उपयोगी पडते आहे. पत्र बनवणारा माणूस असली अडाणी तारीख कशाला घालील?

उरलेली २२ पत्रं वेबमेलवरची. त्यांच्यावर सही होती, आणि ‘दासगाव ४२’, ‘दासगाव ४३’ असे क्रमांक विषयात घालून आम्ही ती मोडली. महाडच्या एका मुलानं क्रमांक काढून मूळ ओळ पुन्हा बसवायचा प्रयत्न केला. तत्त्वतः ते जमतं. ओळ अक्षरशः पूर्वीसारखी झाली तर सही पुन्हा जुळायला हवी. पण आमच्या प्रोग्रॅमनं मराठी विषयाच्या डब्या नव्यानं पाडलेल्या, मूळ तुकडे कुठं होते ते कुणाला ठाऊक? शिवाय त्या काळची पडताळणीची किल्ली आता जाहीर ठेवलेली नाही. मजकुराचा ठसा जुळतो, पण त्या ठशावरची सही तपासता येत नाही.

मग आम्ही एक कागद केला. २२ ओळी, कुठल्या पत्रात काय बदललं, केव्हा, आणि कशाच्या आधारावर. खाली सही केली. तो मुलीच्या वकिलांकडे दिलाय. उत्तर अजून आलेलं नाही.

श्रोत्यांतून एका ताईंनी विचारलं आहे की, मग हेडर बदलूच नये का? खुशाल बदला, पण प्रतीत बदला. आधी मूळ पत्र ईएमएल म्हणून बाजूला ठेवा. नुसती वर्गवारी हवी असेल तर प्रोग्रॅममध्ये लेबल असतात, टॅग असतात, ते पत्राच्या मजकुराला हात लावत नाहीत. आणि प्रतीत सुधारणा केलीत तर जुनी ओळ पुसण्याऐवजी आपली एक नवी ओळ जोडा, ‘अमक्यानं अमक्या दिवशी विषय बदलला’ अशी. हेडरला जादा ओळ चालते, ते तक्रार करत नाही.

आता आमचं खरं काम. गुरुजी पत्र पाठवताना गावातल्या आणखी दोन-तीन जणांना प्रत टाकत असत. ते कोण, हे आमच्याकडच्या पत्रांतून कळत नाही, कारण पत्ते ‘बीसीसी’त असायचे. तुमच्यापैकी कुणाच्या जुन्या खात्यात २०१० ते २०१२ मधली त्यांची पत्रं असतील तर कृपा करून ती नीटनेटकी करायला जाऊ नका. आम्हाला नुसती फॉरवर्डही करू नका, त्यात जुनं हेडर जातं आणि तुमचं नवं लागतं. ‘फॉरवर्ड ॲज अटॅचमेंट’ असा पर्याय असतो, तो वापरा, किंवा मूळ फाइल पेन ड्राइव्हवर आणा. पासवर्ड विसरला असाल तर हा मुलगा मदत करील. आम्ही चहानंतर साडेसातपर्यंत इथंच बसलेलो आहोत.